थेंबांचा प्रश्न

बाळमात्रा हा प्रोग्राम लिहिला संपदा शिगवणने, पण त्यातली अक्कल सुगंधाताईंची होती.

सहा वर्षांपूर्वी संपदाची मुलगी चार महिन्यांची असताना तापाने फणफणली. भाईंदर पूर्वेला घराजवळच्या दवाखान्यात डॉक्टर अजून आले नव्हते. तिथल्या नर्स सुगंधा भोईर यांनी बाळाचं वजन केलं, खणातून एक लांबट वही काढली आणि बोट फिरवत एका रकान्यावर थांबल्या. मग फोनवर डॉक्टरांना विचारून औषध पाजलं. संपदाने वही बघायला मागितली. वजन, औषध, बाटली थेंबांची की सिरपची, किती मिली, असे हाताने आखलेले रकाने होते. पानांच्या कडा मऊ पडल्या होत्या.

"हे तुम्ही केलंत?"

"तीस वर्षांचा हाय," सुगंधाताई म्हणाल्या. इतकी वर्षं दवाखान्यात काढूनही त्यांचं बोलणं मोरवा गावाचंच राहिलं होतं. "डॉक्टर सांगतात त्यो आकडा बरोबर असतो. पण घरी गेल्यावर आई बाटली कंची उचलंल, ते कोन बघतो? म्हून बाटलीचा रकाना."

संपदा घरूनच एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. बाळंतपणाच्या रजेत तिने ती वही प्रोग्राममध्ये उतरवली. फोनवर तीन प्रश्न यायचे: वजन किती, औषध कोणतं, बाटली थेंबांची की सिरपची. मग मात्रा. सुगंधाताईंनी एका डॉक्टरांना बसवून प्रत्येक आकडा तपासून घेतला. संपदाने तो इंटरनेटवर खुला ठेवला. म्हणजे कोणीही फुकट वापरावा, आतला कोड कोणीही वाचावा, कोणीही सुधारणा सुचवावी. सुचवलेली सुधारणा आत घ्यायची की नाही, हे मात्र संपदा ठरवायची.

तीनेक वर्षांत तो गावोगावच्या आशाताईंच्या फोनवर पोहोचला, लहान दवाखान्यांत पोहोचला, आणखी चार भाषांत गेला. अनोळखी लोक बदल पाठवू लागले. ऑफिसचं काम, मुलगी, स्वयंपाक यातून संपदाला ते वाचायला वेळ पुरेना. तेव्हा जितेश परमार आला. मीरा रोडला राहणारा, एका मोठ्या कंपनीत अठरा वर्षं काढलेला माणूस. त्याने तिचा गुंतागुंतीचा कोड इतका स्वच्छ केला, की तो वाचताना तिला स्वतःच्याच घरात कोणीतरी नीट आवरून गेल्यासारखं वाटलं. तिने त्याला मंजुरीचा हक्क दिला. नियम एकच ठेवला: जितेशचा बदल संपदाने मंजूर करायचा आणि संपदाचा जितेशने. स्वतःचा बदल स्वतः आत घ्यायचा नाही.

त्या व्यवस्थेत सुगंधाताई कुठेच नव्हत्या. त्या निवृत्त होऊन मोरव्याला घरी बसल्या होत्या. प्रोजेक्टच्या पानावरची चर्चा इंग्रजीत चालायची. तरी प्रत्येक नवी आवृत्ती त्या फोनवर घ्यायच्या आणि वही उघडून एकेक आकडा पडताळायच्या. हे संपदाला माहीत होतं. त्याबद्दल कधी आभार मानल्याचं मात्र तिला आठवत नव्हतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत जितेशने एक मोठा बदल पाठवला. बरेच लोक तिसऱ्या प्रश्नापाशी प्रोग्राम बंद करतात, असं त्याच्या पाहणीत आलं होतं. म्हणून त्याने तिसरा प्रश्न काढला. बाटली सिरपचीच धरायची, कारण बहुतेकांकडे तीच असते, आणि उत्तराखाली बारीक अक्षरात 'सिरपप्रमाणे' लिहायचं. त्याच बदलात त्याने चौसष्ट फायलींची मांडणीही नव्याने केली होती.

तीन दिवसांनी त्याचा मेसेज आला: 'संपदा, बघतेयस ना? लोक थांबलेत.'

संपदा तेव्हा मुलीच्या शाळेच्या फाटकाशी उभी होती. आत पालकसभा सुरू व्हायची होती. तिने फोनवर बदल उघडला. फायली संपेचनात. वर हिरव्या खुणा दिसत होत्या, म्हणजे यंत्राने केलेल्या सगळ्या तपासण्या पास. आणि बदल जितेशचा होता. तिने 'छान काम' असं लिहून मंजूर केलं आणि सभेला गेली.

मे महिन्यात एका दुपारी ऑफिसची मीटिंग चालू असताना तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. रायगडमधल्या एका तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर मिनल बोलत होत्या.

"बाळमात्रा तुमचं आहे का?"

"हो."

"अकरा महिन्यांचा मुलगा आहे आमच्याकडे. आठ किलो. दोन दिवस तापाचं औषध चौपट गेलंय. लिव्हरला सूज आहे. आता धोक्याबाहेर आहे, पण अजून घरी सोडलेला नाही." डॉक्टरांचा आवाज कोरडा होता. "घरात थेंबांची बाटली होती. तुमच्या ॲपने सिरपची मात्रा सांगितली. थेंबांचं औषध चौपट तीव्र असतं, हे तुम्हाला माहीतच असेल."

संपदाने मीटिंगचा आवाज बंद केला. "पण ते बाटली विचारतं," ती म्हणाली.

"नाही विचारत. मी आत्ता समोर उघडून बसलेय."

संपदाने स्वतःच्या फोनवर उघडलं. वजन. औषध. उत्तर. तिने ते बंद करून पुन्हा उघडलं. तिसरा प्रश्न नव्हता.

"आणि ज्या आशाताईंनी ॲप बघून सांगितलं ना, आनंदी म्हणून," डॉक्टर म्हणाल्या, "त्यांना कामावरून बाजूला केलंय. चौकशी बसलीय. त्या फोन दाखवून सांगतायत की आधी प्रश्न यायचा. कोणाला पटत नाहीये."

फोन ठेवल्यावर संपदाने आधी तिसरा प्रश्न परत आणला. त्याला वीस मिनिटं लागली. जितेशने ते लगेच, एक शब्दही न लिहिता मंजूर केलं. मग ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली, कारण मुलगी बाहेर चित्र काढत होती.

रविवारी सकाळी ती मीरा रोडला जितेशकडे गेली. त्याच्या सोसायटीच्या आवारात एका बाकावर दोघं बसले. त्याने दाढी केलेली नव्हती.

"मी पण तीन दिवस जेवलो नाहीये नीट," तो म्हणाला. "पण तू पब्लिकली काही लिहू नकोस. प्लीज. बग दुरुस्त झाला, नवी आवृत्ती गेली. लायसन्समध्ये साफ लिहिलंय, कसलीही हमी नाही. तू उगाच स्वतःला अडकवशील."

"त्या बाईंना काढतायत, जितेश."

"बाटलीवर लिहिलेलं असतं ना यार. आणि खाली 'सिरपप्रमाणे' होतं."

"राखाडी रंगात. मुंगीएवढं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?" त्याचा आवाज चढला. जवळून जाणाऱ्या एका काकांनी वळून पाहिलं. तो हळू झाला. "मी बदल पाठवला. तू अप्रूव्ह केलास. 'छान काम' लिहिलंस. मला वाटलं, तू विचार केला असशील. तुझं ॲप आहे, तुला औषधांचं माझ्यापेक्षा जास्त कळतं."



"मी वाचलंच नव्हतं," ती म्हणाली. "तू पाठवलंयस म्हणजे बरोबर असेल, असं धरलं."

जितेशने तिच्याकडे पाहिलं. "आणि मी धरलं की तू बघशील," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने गॅलरीतून चहाला बोलावलं. संपदा नको म्हणाली आणि तिथूनच रिक्षा करून मोरव्याला गेली.

सुगंधाताई ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. गुडघ्याला पट्टा बांधलेला. संपदाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "पोर जिता हाय ना?" हो म्हटल्यावर हात पुसले आणि फोन काढला.

"ह्ये वाच."

प्रोजेक्टच्या पानावरचा संदेश होता, मार्चमधला. मराठीत, एकही विरामचिन्ह नसलेला. 'थेंबांचा प्रश्न का काढला बाटली चुकेल लहान पोरांना थेंबच देतात परत टाका सुगंधा भोईर नर्स'. त्याखाली जितेशचं इंग्रजी उत्तर होतं. ही जागा कोडच्या बदलांसाठी आहे, वापराबद्दलच्या शंका मदतीच्या पानावर विचाराव्यात, धन्यवाद. आणि विषय बंद.

"भाचीकडून वाचून घेतला," सुगंधाताई म्हणाल्या. "तिथं बोलायला आपन कोन, असा त्याचा अर्थ."

"ताई, मला फोन का नाही केलात?"

"मना वाटला, तू वाचला असशील." त्या पुन्हा वाल सोलू लागल्या. "वाचून बी तसाच ठेवला, म्हंजी तुमच्याकडं कायतरी मोठा कारन असंल. शिकलेली मानसं तुम्ही."

त्या रागावल्या असत्या तर संपदाला सोपं गेलं असतं. ती ओटीच्या पायरीवर बसली आणि समोरचे वाल सोलू लागली. तिला ते नीट जमत नव्हतं. सुगंधाताईंनी तिला थांबवलं नाही.

सोमवारी संपदाने दोन गोष्टी लिहिल्या. पहिलं पत्र त्या दवाखान्याला आणि चौकशी करणाऱ्यांना. आधी प्रश्न होता, अमुक तारखेला काढला, आनंदीताई खरं सांगत आहेत, हे आवृत्त्यांच्या नोंदींसह. दुसरं प्रोजेक्टच्या पानावर, मराठीत आणि इंग्रजीत. काय बदललं, बाळाचं काय झालं. 'हा बदल मी मंजूर केला. मंजूर करताना वाचला नव्हता. एका अनुभवी नर्सने दोन महिने आधी चूक दाखवली होती, ती तक्रारही आम्ही बंद केली.' जितेशचं नाव तिने लिहिलं नाही. पण नोंदी सगळ्यांना दिसत होत्याच, आणि लोकांनी ते तासाभरात शोधून काढलं.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. कोणी तिला खुनी म्हटलं. कोणी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, ते तिला जास्त टोचलं. दोन दवाखान्यांनी ॲप काढून टाकलं. तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी बोलावून, हे सगळं कंपनीच्या वेळेत होत होतं का, असं अगदी गोड आवाजात विचारलं. जितेशला मात्र शिव्याच मिळाल्या.

बाळ चोविसाव्या दिवशी घरी गेलं. तपासण्या वर्षभर करायच्या होत्या. डॉक्टर मिनल यांनी एका ओळीचा मेसेज पाठवला. संपदाने बाळाच्या आईशी बोलू का असं विचारलं. उत्तर आलं: 'त्यांना नको आहे.'

आनंदीताईंना महिन्याभराने परत घेतलं. संपदाने त्यांना फोन केला.

"तुमचं पत्र पोचलं, ताई," आनंदी म्हणाल्या. "त्याच्यामुळेच घेतलं मला. उपकार आहेत तुमचे."

"उपकार कसले. चूक आमची होती."

"ते कागदावर झालं. पण त्या वाडीत आता मला कोणी आत बोलवत नाही. बाळंतिणी बघायला गेले, तरी सासवा दारातूनच सांगतात, सगळं ठीक आहे म्हणून. पत्र काय घरोघरी वाचून दाखवू?"



मग मंजुरीचा प्रश्न आला. प्रोजेक्टच्या जुन्या लोकांची ऑनलाइन बैठक झाली. कोणी म्हणालं एकाऐवजी दोघांची मंजुरी लागावी. कोणी म्हणालं मोठे बदल एकत्र घेऊच नयेत. संपदाने दोन्ही मान्य केलं आणि म्हणाली, "आणि मात्रा किंवा विचारले जाणारे प्रश्न बदलणार असतील, तर सुगंधा भोईर यांची मंजुरी लागेल. त्यांच्याशिवाय आत जाणार नाही."

"त्यांना कोड वाचता येतो?" जितेशने विचारलं. त्या दिवसांत तो प्रथमच बोलत होता.

"नाही."

"मग त्या अप्रूव्ह काय करणार? संपदा, तुला गिल्ट आहे, मला पण आहे. पण गिल्टमधून सिस्टम बनवायची नसते. उद्या त्या आजारी पडल्या तर? त्यांना समजलंच नाही तर? जो कोड समजतो त्यानेच जबाबदारी घ्यायला पाहिजे."

"मला समजत होता ना," संपदा म्हणाली. "मी कुठे वाचला?"

"म्हणून आता न समजणाऱ्याला देणार?"

"कोड काय करतो ते तू बघ. तो केल्यावर घरात काय होतं, ते त्या बघतील. त्यातलं आपल्या दोघांना काहीच दिसलं नव्हतं."

"मला हे पटत नाही," जितेश शेवटी म्हणाला. "आणि न पटता मी तिथे बसू शकत नाही. माझा हक्क काढून घे." रागाने बोलला असता तर तिने त्याची समजूत काढली असती. पण तो थकलेल्या माणसासारखा बोलला. तिने दुसऱ्या दिवशी त्याचं नाव काढलं. त्याच्याबरोबर आणखी तिघे गेले, आणि त्यांच्यात दोघं तिचे सगळ्यात चांगले लोक होते.

सुगंधाताईंचं मन वळवणं त्याहून कठीण गेलं.

"माझी सही नको," त्या म्हणाल्या. "उद्या चुकला तं लोक माझ्या दारात येतील. आज तुझ्या येतात तसे."

"येतील," संपदा म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. 'नाही येणार' असं ती म्हणेल, ही त्यांची अपेक्षा असावी. दोन दिवसांनी त्यांनीच फोन केला. अट एक होती. ज्याने बदल केला, त्याने स्वतः फोन करून मराठीत सांगायचं, काय बदललं आणि का. हिंदी चालेल. "मना कळल्याबिगर मी हो बोलनार न्हाय. मंग किती बी दिवस लागोत."

आणि दिवस लागू लागले. बंगळूरची एक मुलगी तोडक्या हिंदीत तासभर समजावत राहिली आणि शेवटी तिला स्वतःच्याच बदलातली चूक सापडली. पण दोघांनी, आम्ही फुकट काम करतो, परीक्षा द्यायला नाही आलो, असं लिहून बदल परत घेतले. वाट बघणाऱ्या बदलांची यादी लांबत गेली.

दिवाळीनंतर एक तातडीचं काम आलं. लहान मुलांच्या जंतुसंसर्गावरच्या एका औषधाची नवी बाटली बाजारात आली होती, जुनीपेक्षा दुप्पट तीव्र. प्रोग्रामला ती माहीत नव्हती. एकाने बदल पाठवला. संपदाने तो ओळ न् ओळ वाचला, दोन डॉक्टरांकडून आकडे तपासून घेतले. सगळं बरोबर होतं. तोपर्यंत तिने त्या औषधापुढे मात्रेऐवजी 'बाटली डॉक्टरांना दाखवा' अशी सूचना लावली होती. डॉक्टर मिनल यांचा मेसेज आला: 'आमच्या वाड्यांपासून डॉक्टर वीस किलोमीटरवर असतो. लोक अंदाजाने पाजतायत. कधी होणार?'

सुगंधाताईंनी आठ दिवस हो म्हटलं नव्हतं.

नवव्या दिवशी संपदाने फोन केला. "ताई, थांबण्यातही धोका आहे. तिकडे पोरं आजारी आहेत."

"म्हायती हाय मना." त्यांचा आवाज ओढलेला होता. "रातची झोप न्हाय लागत. पन ती बाटली मी अजून डोल्यांनी बघितली न्हाय. तुझ्या कागदावर आकडा हाय, त्यो खरा असंल. खोक्यावर काय लिवलंय, कंच्या रंगाचा हाय, जुनीच्या बाजूला ठेवला तं आई चुकंल का, ते मी कसा सांगू? इथं दोन दुकानांत न्हाय भेटली. तुला घाई हाय तं तूच कर. चावी तुझ्याकडं बी हाय ना."

होती. संपदाच्या नावावर अजूनही सगळे हक्क होते. एक नियम बाजूला ठेवला की बदल आत गेला असता, आणि कदाचित त्यात काहीच चुकलं नसतं. तिने तो बदल स्क्रीनवर उघडला आणि पुन्हा बंद केला. मग तिने ऑफिसात अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि मोरव्याला जाऊन सुगंधाताईंना रिक्षात घातलं.

भाईंदर पश्चिमेच्या तीन मेडिकलवाल्यांनी मान हलवली. चौथं दुकान अरुंद होतं. सुगंधाताई गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढल्या आणि त्यांनी औषधाचं नाव सांगितलं.

"कौनसी चाहिए, माजी? पुरानी या नयी?"

"दोनो दिखाव."

दुकानदाराने दोन खोकी काचेवर ठेवली. मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती. संपदाच्या हातात फोन पुन्हा वाजला, डॉक्टर मिनल यांचं नाव दिसलं. तिने तो पर्समध्ये टाकला.

सुगंधाताईंनी चष्मा लावला. एक खोकं उचललं, उजेडाकडे धरलं, फिरवलं आणि ओठ हलवत वाचू लागल्या. मागून कोणीतरी "जरा जल्दी" म्हणालं. संपदा वळली आणि त्या माणसाला म्हणाली, "टाइम लगेगा."